ॲक्युरसी नको, जागा सांगा

आपल्या प्रोजेक्ट एक्झिबिशनमध्ये दरवर्षी निदान तीन पोस्टर्स अशी असतात की त्यांवर गुलाबी चौकटींची ईसीजीची पट्टी असते, बाजूला न्यूरल नेटवर्कचे गोल गोल आणि खाली ठळक अक्षरांत ‘ॲक्युरसी ९९.२ टक्के’. गेल्या वर्षी मी मुद्दाम तिन्ही पोस्टर्ससमोर उभी राहिले. तिन्हींचा डेटा एकच होता, आणि तिन्हींचा प्रश्नही एकच, हा ठोका नॉर्मल की ॲबनॉर्मल. तिन्हींना बक्षीस मिळालं नाही, एकालाच मिळालं. ते कसं ठरवलं असेल देव जाणे, कदाचित ९९.२ पेक्षा ९९.४ मोठे असतात म्हणून.

माझं स्पष्ट मत आहे की हे प्रोजेक्ट आता पुरे झाले. कुणाला राग आला तर सॉरी, पण कारण ऐकून मग रागवा.

हा डेटा कुठून येतो? बॉस्टनच्या बेथ इस्रायल हॉस्पिटलमध्ये १९७५ ते १९७९ या काळात घेतलेली ४८ रेकॉर्डिंग्ज आहेत, प्रत्येकी अर्ध्या तासाची, ४७ माणसांची. एमआयटी-बीआयएच डेटाबेस म्हणतात त्याला. त्यात साधारण एक लाख दहा हजार ठोके आहेत आणि प्रत्येकाला डॉक्टरांनी हाताने नाव दिलेलं आहे. फार मोलाचं काम आहे ते, जगभरच्या हजारो लोकांनी वापरलंय. पण आपली मंडळी काय करतात, तर सगळे ठोके एका पोत्यात ओततात, पोतं हलवतात, ऐंशी टक्के ट्रेनिंगला आणि वीस टक्के टेस्टिंगला काढतात. म्हणजे एकाच माणसाचे काही ठोके शिकायला आणि काही परीक्षेला. प्रिलिमचा पेपर युनिव्हर्सिटीत जसाच्या तसा आला तर आपणही नव्व्याण्णव काढू! माणसंच वेगळी ठेवली, म्हणजे शिकायला हे बावीस आणि परीक्षेला ते बावीस, असं केलं की आकडे खाली येतात. २००४ पासून लोक हे ओरडून सांगतायत. पण पोस्टरवर खाली आलेला आकडा कोण लावणार?

बरं, आकडा खरा मानला तरी ‘ॲबनॉर्मल’ एवढं उत्तर घेऊन डॉक्टरने करायचं काय? पेशंटला जे जाणून घ्यायचं असतं ते वेगळंच असतं. आमच्याच घरातलं सांगते. माझ्या मोठ्या काकांना तीन वर्षांपूर्वी अटॅक आला. तालुक्याचं गाव, मग जिल्ह्याला हलवलं, स्टेंट बसला, वाचले. दोन महिन्यांनी इको केली तर डॉक्टर म्हणाले, पंपिंग तीस टक्के आहे. पुढे मागे ठोके बेताल होऊन हृदय एकदम थांबू शकतं, म्हणून छातीत शॉक देणारं यंत्र बसवून घ्या. खर्च काही लाख. काकूंनी विचारलं, “अहो डॉक्टर, पण नक्की कुठे खराब झालंय ते?” डॉक्टर भले माणूस. त्यांनी फाइलच्या मागच्या बाजूला बटाट्यासारखा आकार काढला आणि खालच्या टोकाला पेनने रेघोट्या मारल्या. “साधारण इथे.”

मला तेव्हापासून त्या ‘साधारण’चा पिच्छा सोडवत नाही.

हार्ट अटॅकमध्ये होतं असं की एक धमनी तुंबते, तिच्यावर जगणारा स्नायूचा तुकडा रक्ताविना मरतो, आणि काही आठवड्यांत तिथे व्रण तयार होतो. व्रण वीज वाहून नेत नाही. पण हा तुकडा बिस्किटाच्या कटरने कापल्यासारखा गोल नसतो. मेलेल्या भागात जिवंत पेशींचे बारीक धागे राहतात, आणि कडेला एक पट्टा असतो जिथे पेशी जिवंत आहेत पण आजारी. तिथून वीज जाते, हळू जाते. खरा धोका त्या हळूपणात आहे. ठोक्याची लाट व्रणाला वळसा घालून, त्या हळू पट्ट्यातून रमतगमत बाहेर पडते, तोपर्यंत पुढचा स्नायू पुन्हा तयार झालेला असतो, की लाट परत आत. मग ती गोल गोल फिरतच राहते. याला व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया म्हणतात. हृदय फार वेगाने धडधडतं, रक्त नीट पुढे जात नाही. तेव्हा व्रण किती मोठा यापेक्षा तो कुठे आहे आणि कसल्या आकाराचा आहे यावर बरंच काही ठरतं. तीस टक्के पंपिंगची दोन माणसं शेजारी शेजारी बसली तर एकाच्या व्रणात लाट अडकेल आणि दुसऱ्याच्या नाही. इजेक्शन फ्रॅक्शन नावाचा तो एकच आकडा दोघांना एका रांगेत उभं करतो. ३५ किंवा खाली असाल तर यंत्राचा विचार करा, असा जगभरचा नियम आहे. नियम वाईट नाही. मोठ्या ट्रायल्समधून आलाय, त्याने जीव वाचलेत. पण यंत्र बसवलेल्या कितीतरी लोकांना त्याचा शॉक कधीच लागत नाही, आणि आकडा ३५ च्या वर असलेले काही लोक घरी अचानक जातात.

मग व्रण शोधतात कसा? पक्की रीत म्हणजे जांघेतल्या शिरेतून किंवा धमनीतून वायर थेट हृदयात सरकवायची आणि आतून एकेका ठिकाणी टेकवून व्होल्टेज मोजायचं. काही तास चालतं. दुसरी रीत एमआरआयची. गॅडोलिनियमचं इंजेक्शन देऊन दहा-पंधरा मिनिटांनी फोटो काढला की व्रण पांढरा चमकतो. हिला नॉन-इन्व्हेजिव्ह म्हणतात, सुई टोचली तरी! चित्र सुंदर येतं. पण छातीत आधीच यंत्र असेल तर धातूमुळे चित्र बिघडतं, आणि तालुक्याच्या गावी हृदयाचा एमआरआय ही कल्पनाच करा.

ईसीजी मात्र सगळीकडे आहे. आइन्टहोवेन यांना त्याबद्दल १९२४ चं नोबेल मिळालं, म्हणजे शंभर वर्षं उलटली. बारा लीड्स बघून अनुभवी डॉक्टर सांगतात की समोरची भिंत की खालची. मागच्या भिंतीचं काही खरं नसतं, तिच्यासमोर नेहमीच्या बारांतलं एकही इलेक्ट्रोड नसतं. इथे आपल्यासारख्यांचा प्रश्न सुरू होतो. छातीवर दहा ऐवजी शंभर-दोनशे इलेक्ट्रोड लावले, छातीचा आणि हृदयाचा आकार कॉम्प्युटरमध्ये घातला, तर बाहेरच्या व्होल्टेजवरून आतला व्रण काढता येईल का?

एम-थ्री शिकवणाऱ्या सरांना नेहमी कोणीतरी विचारतं, याचा उपयोग काय. घ्या उपयोग.

कल्पना करा, गणपतीत हॉस्टेलच्या मागे चाळीस ढोलांचं पथक वाजतंय आणि तुम्ही तिसऱ्या मजल्यावर खिडक्या लावून बसलायत. कुठला ढोल कुठे आहे हे माहीत असेल तर खोलीत काय ऐकू येईल हे काढता येतं. हा सरळ प्रश्न, फॉरवर्ड प्रॉब्लेम. आता उलटा. पथकातले पाच जण दमून थांबले. नुसत्या आवाजावरून सांगा, कुठले पाच? व्रण म्हणजे हे गप्प बसलेले ढोल. गंमत अशी की जे वाजतच नाही ते शोधायचं आहे, तेसुद्धा भिंतीपलीकडून. फुप्फुसांत हवा, ती वीज नीट नेत नाही. रक्त चांगलं नेतं. मध्ये बरगड्या, चरबी. या सगळ्यातून बाहेर येईपर्यंत हृदयावरचा बारीक तपशील पुसट होऊन जातो आणि कातडीवर उरतं जेमतेम एक मिलिव्होल्ट. हेल्महोल्ट्झने १८५३ मध्येच दाखवून ठेवलंय की नुसत्या बाहेरच्या मापांवरून आतले स्रोत एकमेव असे ठरवता येत नाहीत.

प्रश्न जरा बांधून घेतला, म्हणजे आतले स्रोत न शोधता हृदयाच्या पृष्ठभागावरचं पोटेन्शियल शोधायचं ठरवलं, तर उत्तर एकमेव मिळतं. पण त्याला दुसरा रोग असतो. हे दोन समीकरणांत बघा:

क्ष + य = २
क्ष + १.००१ य = २.००१

उत्तर क्ष = १, य = १. आता दुसऱ्या ओळीत २.००१ च्या जागी २.००२ घाला. पेशंटने श्वास घेतला, इलेक्ट्रोडखालची जेली वाळली, एवढा फरक सहज पडतो. नवं उत्तर क्ष = ०, य = २! तिसऱ्या दशांश स्थळाला धक्का लागला आणि एक ढोल मेला, दुसरा दुप्पट वाजायला लागला. खऱ्या प्रश्नात अशी शेकडो समीकरणं असतात. याला इल-पोज्ड प्रॉब्लेम म्हणतात, आणि मॅटलॅबमध्ये इन्व्हर्स मारून जे येतं तो निव्वळ कचरा असतो.

यावर तिखोनोव्ह या रशियन गणितीने १९६३ मध्ये मांडलेला तोडगा वापरतात. समीकरण अगदी तंतोतंत सुटलं नाही तरी चालेल, पण उत्तर फार उड्या मारणारं नको, अशी अट घालायची. अट किती कडक ते लॅम्डा नावाचा एक आकडा ठरवतो. कमी ठेवलात तर कचरा, जास्त ठेवलात तर सगळं हृदय गुळगुळीत आणि व्रण गायब. तो लॅम्डा कोण निवडणार? इथे मला वाटतं खरी गोष्ट आहे. डेटा जे सांगत नाही ते आपण आपल्या मनाने भरतोय, आणि ते काय भरलं हे उघड सांगणं हे इंजिनिअरचं काम आहे. पोस्टरवर लॅम्डाचा उल्लेख नसेल तर मी त्या पोस्टरवर विश्वास ठेवणार नाही.

हृदयाचं कॉम्प्युटर मॉडेल इथे मदतीला येतं. ‘उत्तर गुळगुळीत हवं’ ही अट फार भाबडी आहे. त्याऐवजी ‘उत्तर खऱ्या हृदयात घडू शकेल असंच हवं’ ही अट घाला ना! वीज स्नायूच्या धाग्यांच्या दिशेने जलद जाते, आडवी हळू. पेशी एकदा पेटली की काही काळ पुन्हा पेटत नाही. हे सगळं समीकरणांत मांडता येतं. हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ मध्ये मज्जातंतूसाठी ते केलं, हाताने फिरवायच्या कॅल्क्युलेटरवर. १९६० मध्ये डेनिस नोबल यांनी हृदयाच्या पेशीसाठी केलं, तेव्हा त्यांचं वय तेवीस. लंडन युनिव्हर्सिटीच्या मर्क्युरी कॉम्प्युटरवर त्यांना वेळ मिळायची रात्री दोन ते चार. हॉस्टेलवाल्यांना ही वेळ ओळखीची आहे, आपण ती कशात घालवतो हा भाग वेगळा. आज त्या एका पेशीच्या जागी लाखो तुकड्यांचं आख्खं हृदय बसवतात, व्रण इथे ठेवून बघू, तिथे ठेवून बघू, असं करत छातीवरचा ईसीजी कुठल्या व्रणाने जुळतो ते तपासतात.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये नतालिया त्रायानोव्हा यांचा गट आहे. त्यांनी उलट बाजूने सुरुवात केली. एमआरआयमधून पेशंटचा व्रण घेतला, त्याचं स्वतःचं हृदय कॉम्प्युटरमध्ये उभं केलं, आणि त्या खोट्या हृदयाला वेगवेगळ्या जागी टोचून बघितलं की लाट गोल फिरायला लागते का. २०१६ मध्ये त्यांनी अटॅक येऊन गेलेल्या ४१ पेशंटवर ही तपासणी छापली, कुणाला पुढे धोका आहे याचा अंदाज इजेक्शन फ्रॅक्शनपेक्षा बरा आला. २०१८ मध्ये तेच मॉडेल कुठे जाळायचं ते ठरवण्यासाठी वापरलं. ४१ हा आकडा लक्षात ठेवा. आपल्या पोस्टर्सवर एक लाख ठोके असतात, इथे एक्केचाळीस माणसं. मला एक्केचाळीस माणसं जास्त पटतात.

आणि सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीतून २०१७ मध्ये जे छापून आलं ते वाचून मी रात्री झोपले नाही. तिथले योरम रुडी यांनी छातीवरच्या अडीचशेच्या आसपास इलेक्ट्रोड्सचं जाकीट आणि सीटी स्कॅन यांवरून हृदयावरचा विजेचा नकाशा काढायची पद्धत कित्येक वर्षं घासूनपुसून तयार केली होती. तिथल्या डॉक्टरांनी पाच पेशंट घेतले, ज्यांना बाकीच्या उपायांनी गुण येत नव्हता. त्यांच्या छातीतल्या यंत्रातूनच ठोके बेताल करायचे, बाहेरून जाकिटाने लाट कुठून निघते ते टिपायचं, व्रणाच्या फोटोशी जुळवायचं, आणि त्या जागेवर कॅन्सरला देतात तसं रेडिएशन मारायचं, २५ ग्रे, एकाच वेळी. सरासरी १४ मिनिटं. वायर नाही, भूल नाही. आधीच्या तीन महिन्यांत पाच जणांचे मिळून ६५७७ झटके होते. नंतरचे सहा आठवडे सोडले, तर पुढच्या ४६ पेशंट-महिन्यांत फक्त ४. पाचांपैकी एक पेशंट मात्र तीन आठवड्यांनी स्ट्रोकने गेला, तेही त्या पेपरात लिहिलेलं आहे.

आता त्या दोन समीकरणांकडे परत बघा. नकाशा दोन सेंटिमीटर चुकला तर २५ ग्रे चांगल्या स्नायूवर पडतं. शेजारी अन्ननलिका असते, जठर असतं. ज्याने लॅम्डा निवडला तो त्या खोलीत नसतो. म्हणून मला नुसतं ‘व्रण इथे’ असं सांगणारं मॉडेल नकोय. ‘व्रण इथे, पण त्या शेजारच्या जागेलाही तितकाच मेळ बसतो’ हे सांगायची लाज न वाटणारं हवंय.

सीनियर्सशी बोलले तर ते म्हणतात, “अगं, हे सगळं अमेरिकेत. तुला डेटा कोण देणार? डॉक्टर कोण मिळणार? आणि एक्स्टर्नल आला की पहिला प्रश्न, ॲक्युरसी किती?” तिसऱ्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही, तो प्रश्न स्टाफने सोडवायचा आहे. पहिल्या दोनांना आहे. २००७ मध्ये फिजिओनेटने एक उघड स्पर्धा ठेवली होती. विषय हाच, ईसीजीवरून व्रण कुठे ते सांगा. चार पेशंटचा डेटा, छातीपाठीच्या ३५२ बिंदूंवरचं पोटेन्शियल. दोघांची उत्तरं एमआरआयवरून दिलेली, उरलेल्या दोघांची तुम्ही शोधायची. डावा कप्पा १७ भागांत वाटलेला असतो, वरच्या रांगेत ६, मधल्या ६, खालच्या ४ आणि टोकाचा १. कुठल्या भागांत व्रण आहे, किती टक्के आहे आणि मध्य कुठे, एवढं सांगायचं. फुकट, सगळ्यांसाठी. चारच माणसं असल्यामुळे नव्व्याण्णव टक्के हा शब्दच उच्चारता येत नाही, हा त्यातला माझ्या मते सगळ्यात मोठा गुण!

सिम्युलेशनवर करणार असाल तर एक गोष्ट सांभाळा. आपणच मॉडेलने ईसीजी बनवायचा, आणि त्याच मॉडेलने, त्याच जाळीवर तो उलटा सोडवायचा, मग व्रण बरोब्बर सापडतो. सापडणारच, स्वतः लपवलेली चावी आहे ती. या क्षेत्रात याला चक्क ‘इन्व्हर्स क्राइम’ असं नाव आहे. आमच्या शाळेतल्या सिस्टर कॉपीला ‘सिन’ म्हणायच्या, हे त्याच जातीचं. बनवताना एक जाळी, सोडवताना दुसरी, फुप्फुसांचे आकडे जरा हलवलेले, वर थोडा आवाज मिसळलेला, एवढं तरी करा. उत्तर खराब येईल. किती खराब येतं आणि कशाने येतं हाच प्रोजेक्ट.

आणखी एक विचारावंसं वाटतं, ही जाळी कुणाच्या छातीची? बाईच्या छातीवर इलेक्ट्रोड आणि हृदय यांच्यातलं अंतर वेगळं असतं. स्थूल माणसाचं वेगळं, काकांसारख्या काडीपैलवानाचं वेगळं. मॉडेल पेशंटच्या मापाचं नसेल तर त्याच्या चुकीत हीही चूक आली. मोजता येते ती. टेपने माप घेऊन प्रमाणित छाती ताणली-आकसली तर व्रण किती सरकतो, हे आपल्या लॅबमधल्या त्या धूळ खाणाऱ्या वर्कस्टेशनवर महिन्याभरात काढता येईल. सीटी स्कॅन जिथे नाही तिथे हेच विचारलं जाणार आहे.

काकांनी यंत्र बसवलं नाही. पैशांपायी नाही, “आत कुणीतरी बसून लक्ष ठेवतंय असं वाटेल” म्हणून. अजून रोज सकाळी भाजी आणायला जातात. यावरून काही सिद्ध होत नाही, आकडा तीसच आहे आणि काकू अजून रात्री दोनदा उठून त्यांचा श्वास बघतात. त्या बटाट्याच्या चित्राचं पान फाइलमध्ये आहे.

तर पुढच्या वर्षीसाठी आम्ही तिघी हा विषय देणार आहोत. दोघी ई अँड टीसीच्या, एक कॉम्प्युटरची. डिपार्टमेंट वेगळी असल्याने एकत्र ग्रुप करायला परवानगी लागेल, तो अर्ज ऑफिसमध्ये पडून आहे. गाइड हवेत. फायनाइट एलिमेंट येणारं मेकॅनिकलचं कुणी चौथं असेल तर सोन्याहून पिवळं. रात्री साडेआठनंतर मेसच्या कोपऱ्यातल्या टेबलावर आम्ही असतो, शुक्रवार सोडून, शुक्रवारी पावभाजी असते.